अठरा जानेवारीपर्यंतचा खोकला

१९९५ सालच्या डिसेंबरची अकरा तारीख, सोमवार, संध्याकाळचे साडेसहा. खर्च झाले दोनशे सहा रुपये: डॉक्टरांची फी चाळीस, छातीचा एक्स-रे ऐंशी, थुंकीची तपासणी तीस, औषधं छप्पन्न. हजर आम्ही तिघं: डॉक्टर, मी आणि माझी बायको. खोकला तिचा होता.

डॉक्टर छातीचे. सरकारी इस्पितळातून निवृत्त होऊन घरच्याच पुढच्या खोलीत रोगी तपासत. त्यांनी नळी लावून पाठ ऐकली, एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि वहीत लिहिता लिहिता तमिळमध्ये तिला विचारलं, "घरात स्वयंपाक कशावर होतो, अम्मा? गॅस की सरपण?"

तिनं तोंड उघडलं आणि तिला उबळ आली. पदर तोंडाशी धरून ती वाकली. बाहेर बाकावर आणखी नऊ जण बसले होते. डॉक्टरांचा वेळ जाऊ नये म्हणून उत्तर मी दिलं.

"गॅस, सार. अठ्ठ्याऐंशी सालापासून. दोन सिलिंडर आहेत. एक बत्तीस दिवस चालतो."

त्यांनी वहीत "गॅस" असं लिहिलं. तिची उबळ थांबेपर्यंत ते पुढच्या प्रश्नावर गेले होते.

आजाराची हकीकत अशी. नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे, या तमिळ मुलखात, पाऊस असतो. त्या वर्षी आठवडाभर झड लागली होती. तेरा तारखेला तिला ताप भरला, छातीत कफ झाला. गल्लीच्या तोंडाशी जे नेहमीचे डॉक्टर होते त्यांनी ब्राँकायटिस सांगितलं आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. सहाव्या दिवशी ताप उतरला. कफही दहाबारा दिवसांत गेला. खोकला मात्र राहिला. कोरडा, टोचणारा, एकदा सुरू झाला की आठदहा वेळा एकापाठोपाठ येणारा. बरगड्या दुखायच्या. हसायला गेली की यायचा, बोलायला गेली की यायचा. थंड हवेनं यायचा आणि गरम कॉफीनंही यायचा.

छातीच्या डॉक्टरांनी तीन दिवसांनी सगळे कागद बघून सांगितलं की टी.बी. नाही, फुप्फुसं स्वच्छ आहेत. ब्राँकायटिस गेला तरी श्वासाच्या नळ्या आतून हुळहुळ्या राहतात, सहा आठवडे, कधी आठ, कधी त्याहून जास्त. "पोळलेल्या कातडीसारखं आहे," ते म्हणाले. "औषधानं थोडा आराम पडेल. बाकी थांबायचं."

"नक्की किती दिवस, सार?"

"तुम्ही कचेरीत हिशेब बघता का?"

"पापनाशमला. तालुका कचेरीत."

"वाटलंच मला," ते म्हणाले आणि घंटी वाजवून पुढच्या रोग्याला बोलावलं.

मला दिवसांचा आकडा हवा होता, त्याला कारण होतं. त्याच जूनपासून बायको एका इंग्रजी शाळेत शिकवायला लागली होती. त्या वर्षांत आमच्या गावात अशा शाळा दर रस्त्याला निघत होत्या. एखादं घर भाड्यानं घ्यायचं, भिंतीवर प्राणी रंगवायचे, मुलांना टाय बांधायचे. तिच्याकडे पहिलीच्या आधीचा वर्ग होता, अठ्ठावीस मुलं. पगार साडेसातशे. त्या पैशावाचून आमचं अडत नव्हतं. मुलगा मद्रासला शिकत होता, त्याचं मी भागवत होतो. पण ती लग्नाआधी बी.ए. झाली होती, आणि लग्नानंतरची वीस वर्षं कुणाची तरी सून, कुणाची तरी आई म्हणूनच ओळखली गेली होती. शाळेत ती "मिस" होती. संध्याकाळी घरी आली की अठ्ठावीस मुलांपैकी कुणी काय केलं ते मला सांगायची. कुणी डब्यातली इडली खिशात घातली, कुणी रडून दुसऱ्यालाही रडवलं. मी ऐकत नसलो तरी सांगायची. जूनपूर्वी तिला मला सांगण्यासारखं इतकं कधी नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोनतीन आईबापांनी शाळेच्या मालकाकडे तक्रार केली. आमच्याकडे शाळेच्या मालकाला करस्पाँडंट म्हणतात. टीचरला टी.बी. आहे असं त्यांचं म्हणणं. मालकानं तिला डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. म्हणूनच आम्ही अकरा तारखेला गेलो होतो. पंधराला डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन मी तिच्याबरोबर शाळेत गेलो.

मालक माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. आधी त्याचं खतांचं दुकान होतं. त्यानं कागद दोनदा वाचला आणि नीट घडी करून परत दिला.

"सार, माझा विश्वास आहे. पण आईबाप वर्गाच्या खिडकीशी उभे राहतात. कागद खोकत नाही, टीचर खोकतात."

"डॉक्टर म्हणतात हा पसरणारा खोकला नाही."

"ते डॉक्टरांनी फाटकाशी उभं राहून प्रत्येकाला सांगितलं तर मला चालेल." मग तो तिच्याकडे वळून जरा हळू बोलला. "मिस, आता परीक्षा, मग सुट्टी, मग पोंगल. अठरा जानेवारीला शाळा नीट सुरू होईल. तोवर बऱ्या होऊन या. वर्ग तुमचाच. नाही जमलं तर माझ्याकडे एक मुलगी आहे, नुकतीच पास झालेली. तिला मी पोंगलपर्यंत थांबवतो."

घरी येताना तिनं बोटांवर मोजलं. चौतीस दिवस. सहसा अशी मोजणी मी करतो.

त्या चौतीस दिवसांत आम्ही काय काय केलं ते सगळं लिहीत नाही. डॉक्टरांचं औषध होतंच. शेजारच्या मामींनी तूदुवळै नावाच्या काटेरी वेलीची पानं आणून दिली, त्यांचं रसम केलं. पिंपळीची पूड मधातून दिली. अडुळशाचा काढा झाला. निलगिरीची पानं घालून वाफ झाली. आइस्क्रीम, दही, केळं, पेरू बंद. डोक्यावरून न्हाणं बंद. जो येई तो एक पदार्थ बंद करून जाई. पंख्यालासुद्धा कुणी तरी बंदी घातली. मी सगळं पाळून घेतलं. ती म्हणाली, "आता बोलणं तेवढं राहिलं आहे. तेही बंद करा, म्हणजे तुम्हाला बरं."

आणि मी मोजायला लागलो. बरं वाटतंय का, असं विचारलं तर ती रोज "जरा बरं" म्हणायची. त्यावरून काही कळेना. म्हणून तेरा डिसेंबरपासून रोज सकाळी सहा ते आठ, म्हणजे माझी साडेआठची बस निघण्याआधीचे दोन तास, मी बैठकीच्या खोलीत बसून तिचे खोकले मोजत असे. एका कागदावर पाचापाचाच्या रेघा. पहिल्या दिवशी अठ्ठावन्न. मग चौसष्ट, एकसष्ट, पंचावन्न, त्रेसष्ट.

एकदा तिनं मागून येऊन बघितलं. "हे काय लिहिता?"

"खोकले."

"किती झाले?"

"त्रेपन्न. अजून वीस मिनिटं आहेत."

"साठ झाले की सांगा. नारळ फोडू."

त्या दोन तासांतला बराच वेळ ती माझ्यासमोर नसे. घराच्या मागच्या खोलीत असे. आमच्या घरात स्वयंपाकाच्या दोन जागा होत्या. पुढच्या स्वयंपाकघरात गॅस होता. आमचं जेवण, कॉफी, डबे सगळं तिथं. मागच्या खोलीत मातीची चूल होती. तिथं रोज सकाळी सोवळ्यात माझ्या आईचा स्वयंपाक आणि देवाचा नैवेद्य होई. आईचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. वडील गेल्यापासून ती सोवळ्यातलं आणि चुलीवरचंच जेवत असे. आधी स्वतः करायची. तीन वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले, खाली बसलं की उठता येईना, तेव्हापासून ते बायकोकडे आलं. पहाटे न्हाऊन, आदल्या दिवशी धुऊन उंच काठीवर कुणाचा हात लागू न देता वाळत घातलेलं लुगडं नेसून ती आत जाई. पावसाळी महिन्यांत ते वाळत नसे. मग तसंच ओलं नेसायचं. ओलेत्याला दोष नाही, ओलेतं तर जास्तच शुद्ध, असा आमच्या घरांतला समज. सुरूच्या लाकडाचं सरपणही त्या दिवसांत ओलं असे. फुंकून फुंकून पेटवावं लागे.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी जन्मापासून त्या घरात राहिलो. डॉक्टरांनी स्वयंपाक कशावर होतो असं विचारलं तेव्हा मला मागची खोली आठवलीच नाही. त्या खोलीत जे होतं त्याला मी स्वयंपाक समजत नव्हतो, पूजेचा भाग समजत होतो. आणि जिचं ते काम होतं तिला उत्तर द्यायला मी अर्धं मिनिट दिलं नव्हतं. नंतर मी तिला विचारलं की घरी आल्यावर तरी का नाही बोललीस. ती म्हणाली, "तुम्ही इतकं ठामपणे सांगितलंत, मला वाटलं चुलीचं सांगायचं नसेल तुम्हाला."

बावीस डिसेंबरला आकडा एकवीसवर आला. तेवीसला सतरा. चोवीसला चौदा. वीस तारखेलाच मी खोकल्याचं नवं औषध आणलं होतं. मला इतका आनंद झाला की चोवीसच्या संध्याकाळी मी त्याची दुसरी बाटली घेऊन आलो. सव्वीसला आकडा अठ्ठेचाळीस झाला, सत्तावीसला छप्पन्न. बाटली तीच, माप तेच. मला काही समजेना. त्या रविवारी मी कागद पुढे घेऊन बराच वेळ बसलो. आमच्या कचेरीत दोन रकमा जुळल्या नाहीत तर कुठे तरी एक चूक असतेच आणि ती सापडते. इथे चूक काय शोधायची तेच माहीत नव्हतं.

तीन जानेवारीला, बुधवारी, आम्ही पुन्हा छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला.

"हे काय, सार?"

"खोकल्यांचे आकडे. सकाळी सहा ते आठ."

ते हसतील असं मला वाटलं होतं. हसले नाहीत. चष्मा वर सारून त्यांनी कागद जवळ धरला आणि पेन्सिलीनं तीन आकड्यांभोवती गोल केला.

"बावीस, तेवीस, चोवीस. तेव्हा काय झालं?"

"नवं औषध सुरू केलं होतं."

"मग सव्वीसला बंद केलंत?"

"नाही. अजून चालू आहे."

"मग औषध नाही ते. दुसरं काय?"

ते तीन दिवस कसले ते मला ठाऊक होतं. परक्या माणसासमोर ते कसं सांगायचं म्हणून मी कागदाकडे बघत राहिलो. बायकोच बोलली.

"त्या तीन दिवसांत मी बाजूला बसले होते, डॉक्टर."

डॉक्टर याच गावातले. त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. "मग स्वयंपाक कोणी केला?"

"यांनी. भात आणि रसम. गॅसवर."

"एरवी तुम्ही करता, तोही गॅसवरच."

"आमचा गॅसवर. सासूबाईंचा आणि देवाचा मागं चुलीवर."

"रोज?"

"रोज. सोवळ्यात."

"या पावसात सोवळ्याचं वस्त्र वाळतं?"

"नाही. तसंच नेसते."

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "सार, तुम्ही मला सिलिंडर किती दिवस चालतो तेसुद्धा सांगितलं होतं."

बायको तोंडावर पदर धरून हसली, आणि हसण्यानं खोकला आला.

त्यांनी सांगितलं की धूर आणि ओलं वस्त्र दोन्ही ताबडतोब बंद. आठवड्यात फरक पडेल असं वाटतं, पण लिहून देत नाही. आधीच हुळहुळ्या झालेल्या नळ्यांना रोज सकाळी धुरी मिळते आहे, बऱ्या कशा होणार. फी चाळीस रुपये त्यांनी त्या दिवशी घेतली नाही. ती घेतली असती तर मला बरं वाटलं असतं.

अठरा तारखेला पंधरा दिवस होते.

आई ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत होती. मी समोर बसलो आणि डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं.

"धूर बंद करायचा तर कर की," आई म्हणाली. "मी कुठे धूर मागते? मी भात मागते."

"मग तुझाही गॅसवर करू दे. सोवळ्यातच करेल ती, कोरडं नेसून."

"तू सगळं मोजतोस. त्या सिलिंडराला किती जणांचे हात लागतात ते मोजलंस का कधी?"

"धुऊन घेऊ."

"आणि ती रबराची नळी? तीही धू. धुऊन तिचं सोनं होतंय का बघ."

"आई, तिची नोकरी जाईल."

आईचा हात सुपात थांबला. नोकरीला तिचा विरोध कधीच नव्हता. पहिल्या पगाराचं लुगडं तिनं कौतुकानं नेसलं होतं. "मी काय तिच्या नोकरीवर बसले आहे का रे? उद्यापासून माझ्यासाठी कुणी चूल पेटवायची नाही. पोहे आहेत, दूध आहे. भिजवून खाईन. पुष्कळ जेवले मी."

"रोज पोहे खाऊन कशी राहशील?"

"तिचे ते तीन दिवस राहतेच की."

ती रागावून बोलत होती की मनापासून, मला कळलं नाही. तेव्हाही नाही आणि आजही नाही. मी तिला समजावू शकलो नाही, रागावूही शकलो नाही. सूप उचलून आत नेऊन ठेवलं, एवढंच केलं.

चार जानेवारीपासून चूल बंद झाली. आई दोन्ही वेळा भिजवलेले पोहे, दूध आणि खजूर खाऊ लागली. पाच तारखेला आकडा एक्केचाळीस, सातला सव्वीस, नऊला पंधरा, अकराला सात. बायको सकाळी पुढच्या खोलीत बसून मुलांसाठी रंगीत कागदाची फुलं कापायची. पण घास तिच्या घशाखाली उतरत नव्हता. सासूला ती आत्याबाई म्हणे; आत्याबाई तिकडे कोरडं खातात आणि मी इकडे सांबारभात खाते, असं ती म्हणायची. आई भिंतीपलीकडून म्हणायची, "अगं खा. मला ऐकू येतंय तू खात नाहीस ते."

बारा जानेवारीला वडिलांचं श्राद्ध होतं.

ती तारीख मी विसरलो नव्हतो. डॉक्टरांकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीच मी श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यात करणाऱ्या बाईंकडे माणूस पाठवला होता. आमच्या इकडच्या मराठी लोकांच्या पद्धतीनं करणाऱ्या त्या एकच उरल्या होत्या, कुंभकोणमला. त्या मुलीच्या बाळंतपणाला बंगळूरला गेल्या होत्या, महिनाअखेर येणार होत्या. गुरुजींना विचारलं, श्राद्ध पुढं ढकलता येईल का. ते म्हणाले, "तिथी तुमच्या कचेरीतली फाईल आहे का?" गॅसवर केलं तर जेवायला येणारे दोघे ब्राह्मणही बसणार नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. न करण्याचं धाडस माझ्यात नव्हतं. हे मी इथं लिहून ठेवतो, कारण नंतर कुणी मला दोष दिला नाही.

बारा तारखेला पहाटे आई स्वतः न्हाऊन मागच्या खोलीत गेली. "तिला उठवू नकोस," एवढंच मला म्हणाली. तिनं चूल पेटवली. भाताचं भांडं चढवलं. मग काही तरी घ्यायला म्हणून उठायला गेली, ती उठेना. हात टेकून दोनदा बघितलं. मी दारात उभा. मी न्हालेलो नव्हतो, मला आत पाऊल ठेवता येत नव्हतं. आई चुलीसमोर बसलेली, मी उंबऱ्याबाहेर, आणि मध्ये चार हात जमीन.

मागून बायको आली. ती न्हाऊन आली होती. विहिरीवर पिळलेलं लुगडं तसंच अंगावर.

"तू नको," मी म्हटलं. "सहाच दिवस राहिलेत."

"मग काय करायचं? सांगा. मी ऐकते."

ती माझ्या अंगाला न लागता बाजूनं आत गेली, आईला काखेत हात घालून उठवून पाटावर बसवलं आणि फुंकणी हातात घेतली.

"वर्षातून एक दिवस आहे, आत्याबाई. सरका तिकडे, धूर लागेल तुम्हाला."

एका दिवसात होणाऱ्या श्राद्धाच्या स्वयंपाकाला किती वेळ लागतो ते ज्यांच्या घरी होतं त्यांना सांगायला नको. भाज्याच सहासात, वडे, खीर, घारगे. पहाटेपासून दुपारी दीडपर्यंत ती चुलीपुढे होती. खोकला येऊन अन्नावर पडू नये म्हणून दर वेळी उठून मागच्या दारात जाई, तिथं खोकून, पुन्हा हातपाय धुऊन आत येई. त्या दिवशी मी मोजलं नाही. पिंड माझ्या हातात होते. मंत्र म्हणताना मला मागच्या दारातला आवाज ऐकू येत होता आणि गुरुजी मला दोनदा म्हणाले, लक्ष इकडे द्या.

तेरा तारखेला सकाळी सहा ते आठ एकाहत्तर. त्याआधी इतके कधी झाले नव्हते.

पुढचे पाच दिवस आम्ही पुन्हा वाफ दिली, औषध दिलं, चूल बंद ठेवली. पोंगल आला आणि गेला. सतराला आकडा एकोणचाळीस होता. डॉक्टरांना भेटलो तर म्हणाले, "दोन आठवड्यांनी बघू." दोन आठवडे कुणाकडे होते?

अठरा तारखेला तिनं निळी सुती साडी नेसली, औषधाचा एक घोट जास्तीचा घेतला, लवंग दाढेत धरली. मी रजा टाकली. रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. बोललं की येतो म्हणून. वर्गात मुलं आली होती. खिडकीतून एकानं "मिस!" अशी हाक मारली. तिनं नुसता हात हलवला.

मालकानं दोघांना बसायला सांगितलं. "कशा आहात, मिस?"

"बरी आहे, सार."

"पोंगल झाला का नीट?"

"झाला."

"एक धडा वाचून दाखवा बघू. असंच, माझ्यासमोर. चार ओळी." त्यानं लहान वर्गाचं पुस्तक पुढे केलं. तो वाईट माणूस नव्हता. तिला एक संधी द्यायची होती त्याला.

तिनं तीन ओळी वाचल्या, स्वच्छ आवाजात. चौथ्या ओळीला ती थांबली. डोळ्यांत पाणी आलं, मान लाल झाली, ओठ गच्च दाबलेले. मी बघत होतो. तिच्या वतीनं खोकला आवरता येत नाही. मग तो आलाच, आणि थांबेना. मालकानं स्वतः उठून पाणी आणून दिलं. शेजारच्या वर्गातला गलबला बंद झाला होता. मुलं ऐकत होती.

बाहेरच्या बाकावर एकोणीसवीस वर्षांची एक मुलगी मांडीवर पर्स धरून बसली होती. आम्ही बाहेर आलो तेव्हा ती घाईनं उभी राहिली. बायकोनं पिशवीतून रंगीत कागदाची फुलं काढून तिच्याकडे दिली. "अठ्ठावीस आहेत, आणि वर दोन जास्तीची," एवढं बोलली. कारकुनानं डिसेंबरच्या पंधरा दिवसांचे तीनशे पंच्याहत्तर रुपये मोजून दिले आणि तिची सही घेतली.

त्यानंतर ती मागच्या खोलीत गेली नाही. जायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. आई पोहे खात राहिली. खोकला हळूहळू उतरत गेला. जानेवारीच्या अखेरीस दहाच्या आत, फेब्रुवारीच्या आठ तारखेला दोन, अकराला एकही नाही, बाराला एकही नाही. धूर थांबला म्हणून गेला की डॉक्टर म्हणाले होते तसा आपल्या मुदतीनं गेला, ते मला सांगता येत नाही. नोव्हेंबरच्या तेरापासून मोजले तर तेरा आठवडे होतात. अठरा जानेवारीला साडेतीन आठवडे कमी पडले असं म्हणता येईल, पण त्या म्हणण्याचा उपयोग काय.

तेरा फेब्रुवारीच्या पहाटे मी उठलो तेव्हा ती काठीनं सोवळ्याचं लुगडं खाली काढत होती. मी म्हटलं, "हे काय?"

"आता बरी आहे ना मी. त्या किती दिवस पोहे खातील? हातांची कातडी लोंबायला लागली त्यांच्या."

आई दारात येऊन उभी होती. चाळीस दिवसांत तीही अर्धी झाली होती. म्हणाली, "ठेव ते वर."

"आत्याबाई, मी..."

"ठेव म्हणते ना." मग माझ्याकडे बघून, "ती तुझी शेगडी आण मागच्या खोलीत. नवी आण, वापरलेली नको. नळी नवी. सिलिंडर मी माझ्या हातानं चिंच लावून धुणार. आणि गुरुजींना विचारायला जाऊ नकोस."

"हे आधी का नाही म्हणालीस, आई?" हे मी विचारायला नको होतं. तोंडातून गेलं.

आई भिंतीला धरून धरून न्हाणीघराकडे गेली. बायकोनं लुगडं घडी न करता तसंच काठीवर टाकलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली, पुरे, आणखी काही बोलू नका.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं दक्षिण रस्त्यावरच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. एका बर्नरची शेगडी, नळी आणि रेग्युलेटर मिळून पाचशे दहा रुपये झाले. मी पाकीट काढलं. तिनं माझा हात बाजूला केला आणि कमरेचा बटवा उघडला. शाळेचे ते पैसे त्यात तसेच होते. मी नको म्हटलं, दुकानदारासमोर दोनदा म्हटलं. तिनं ऐकलं नाही. तीनशे पंच्याहत्तर तिनं दिले, एकशे पस्तीस मी. पावती दुकानदारानं माझ्या नावानं केली.